तिसऱ्या ओळीनंतर
काडेपेटीएवढा तो संगणक सुताराच्या बायकोने हौसेने वाजवायच्या कीबोर्डला जोडला होता. आवाज नव्हे, कुठली पट्टी कधी, किती जोरात दाबली, एवढंच तो लक्षात ठेवी आणि कीबोर्डकडून पुन्हा वाजवून घेई. ती गेल्यावर सुताराने आज तो पहिल्यांदाच सुरू केला. समोरचं स्टूल रिकामं, तरी तिचं वादन हुबेहूब उमटलं. फोनवर लेक ऐकत होती. “बाबा, तिसऱ्या ओळीनंतर आई अडखळलीय. मी इथूनच नेटवरून ताल सरळ करते, एका बटणाचं काम.” “हात लावू नकोस!” सुतार खेकसला. जोडीने वाजवताना त्याची बासरी तिथेच धापा टाकायची. “दम घ्या महाराज, मी कुठे पळून जातेय?” म्हणत बायको बोटं उचलून थांबायची. पण नोंदीवरची वेळ भरदुपारची होती; हे तर तो कामावर असताना तिने एकटीनेच वाजवलेलं. “अडखळली नाही गं,” तो म्हणाला. “माझ्या श्वासापुरती थांबलीय.”