हिरवा स्टिकर

लेकीच्या हट्टापायी आणलेल्या गेमिंगच्या खुर्चीचा चाकांचा बेस तिसऱ्याच दिवशी कडकन तुटला आणि पोरगी कोपरावर आपटली. बापाचं डोकंच फिरलं. कंपनीत फोन लावून तो तोंडाला येईल ते बोलत सुटला.

“खुर्ची म्हणून भंगार गळ्यात मारता, लाज कशी वाटत नाही? हे तपासतं कोण? झोपा काढतो का तो?”

“चूक झाली, साहेब. नवीन पाठवतो.”

“नवीन घाला चुलीत. आधी त्या माणसाला घरी बसवा. त्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.”

पलीकडची बाई थकल्या आवाजात म्हणाली, “बसवतील. खुर्ची उलटी करा. बेसच्या आत तपासणाऱ्याचा नंबर असेल, तेवढा सांगा.”

त्याने खुर्ची उलटी केली. हिरव्या स्टिकरवर सत्तावीस होतं. दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या त्याच्या स्वतःच्या बिल्ल्यावरही सत्तावीसच. कारखान्यात तो दिवसभर सुट्या बेसवर असेच स्टिकर मारायचा. ते पुढे कुणाच्या खुर्चीला लागतात, याच्याशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं.

“साहेब, नंबर?”

लेक कोपर चोळत त्याच्याकडेच बघत होती.

“सव्वीस,” तो म्हणाला.

दोन दिवसांनी सकाळी, कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणारा सव्वीस नंबर रोजच्यासारखा त्याला स्कूटरवर घ्यायला आला.

“आटप लवकर. मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलंय. यंदा नोकरीत कायम करतायत बहुतेक.”