परिणाम: कमी

आयटी प्रकल्प व्यवस्थापनाच्या तोंडी परीक्षेत सरांनी मृणालिनीच्या गटाच्या, पडद्यावरच्या संभाव्य अडचणींच्या तक्त्यातली ओळ मोठ्याने वाचली. 'मृणालिनीताईंच्या वडिलांचा मृत्यू. शक्यता: जास्त. कामावर परिणाम: कमी.'

"दूरदृष्टी आहे," ते म्हणाले.

मृणालिनीच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन महिना झाला होता. ओळीपुढची तारीख त्याच्याही आठवडाभर आधीची होती. त्या दिवशी आजारी अण्णांनी पेज मागून घेतली होती, आणि मृणालिनीने ते हसत हसत याच गटाला सांगितलं होतं.

"ताई, राग मानू नका," शेजारचा ऋग्वेद पुटपुटला. "सगळ्या अडचणी लिहा, असं सरच म्हणाले होते. ते गेले तेव्हा तुम्ही नव्हतात, तरी काही अडलं नाही."

पुढे दाखवायचं सॉफ्टवेअर फक्त तिच्या लॅपटॉपवर होतं. तिने पडद्याची वायर काढली आणि लॅपटॉप पिशवीत भरला.

"आता अडेल," ती म्हणाली.