बिनभुंग्याचा अँप्लिफायर

"चालू आहे की बंद?" साडूने विचारलं आणि स्पीकरच्या जाळीला कान लावला.

भाऊजी या प्रश्नासाठीच जीव टाकून बसले होते. कॉम्प्युटर जोडलेला, आवाजाचं बटण निम्म्यावर फिरवलेलं, त्यांनी घरी बनवलेल्या अँप्लिफायरचा लाल दिवा लागलेला, आणि स्पीकरमधून हूं की चूं नाही. मागच्या खेपेला स्पीकर सारखा गुणगुणत होता, तेव्हा याच साडूने याच हॉलमध्ये, मुलींच्या आयांसमोर, "यात भुंगा पाळलाय का हो?" असं विचारलं होतं आणि नंतर तो भुंगा नातेवाइकांत घरोघर फिरवून आणला होता.

हॉल मेहुणीचा. म्हणजे भाऊजींच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा. ती इथे लहान मुलींना नाच शिकवते. तिचा नवरा हा साडू. त्याचं तयार म्युझिक सिस्टिमचं दुकान, त्यामुळे घरी बनवलेल्या वस्तूकडे तो डॉक्टरने घरगुती काढ्याकडे बघावं तसा बघे. भाऊजी स्वतः चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत. पण हॉलमध्ये त्यांना सगळे भाऊजीच म्हणत, शिकायला येणाऱ्या मुलीसुद्धा.

"मानलं बुवा," साडू सरळ होत म्हणाला. "आमच्या दुकानातले पण इतके गप्प बसत नाहीत. काय केलंत काय?"

"कपॅसिटर बदलले."

खोटं नव्हतं. कपॅसिटर बदलले होतेच, चांगले मोठाले, झाकण उघडल्या उघडल्या नजरेत भरतील असे. जे सहज नजरेत भरत नाही तिथे मात्र भाऊजींनी हात आखडला होता. ट्रान्सफॉर्मर जुन्या स्टॅबिलायझरमधून काढलेला, त्याच्या तारांमधला कागद करपून तपकिरी झालेला. आणि एवढं करून भुंगा होता तिथेच होता. तो गेला गेल्या आठवड्यात, अँप्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीची अर्थिंगची वायर भाऊजींनी स्क्रूखालून सोडवली, टेप गुंडाळून कोपऱ्यात दाबली, तेव्हा. क्षणात शांत. खरा उपाय वेगळा होता आणि तो त्यांना ठाऊकही होता. पण त्यासाठी आतली सगळी जोडणी उसवून पुन्हा करावी लागली असती, आणि साडू रविवारी ऐकायला यायचा होता. तात्पुरतं आहे, असं ते स्वतःला म्हणाले होते.

ती वायर नसली म्हणून वाजायचं काही अडत नाही. तो करपलेला कागद कधी फाटलाच, तर मात्र वीज पेटीच्या पत्र्यात उतरणार आणि हात लावणाऱ्याची वाट बघत बसणार.

"चला गं!" मेहुणीने टाळी वाजवली.

फरशी नुकतीच पुसलेली. मुली पाय धुऊन अनवाणी आल्या, ओली पावलं उठवत. सगळ्यांत पुढची, लालभडक रिबीनवाली, थेट पेटीकडेच धावली. "मी लावते! भाऊजी, मी लावते ना!" तिची बोटं स्टीलच्या बटणाशी पोचली.

"हात लावू नकोस!"

सगळा हॉल दचकला. मुलीने हात मागे घेतला. तिची हनुवटी थरथरायला लागली.

"अहो, एवढं काय," साडू हसला. "जरा कौतुक केलं तर लगेच कपाटात ठेवून कुलूप लावणार?"

"मी लावतो ना. मीच लावत जाईन."

"रोज?" मेहुणी म्हणाली. "दुकान टाकून रोज इथे येऊन बसणार आहात का भाऊजी? उद्यापासून या पोरीच लावणार ते. जा गं, लाव तू. काही नाही करत ते."

मुलगी बिचकत पुन्हा पुढे सरकली. भाऊजींनी हिशेब मांडला. कागद आजच फाटेल असं थोडंच आहे? वर्षभरसुद्धा नाही फाटायचा. मुली घरी गेल्या की काहीतरी निमित्त काढून पेटी उचलायची, गुपचूप दुरुस्त करायची. साडूचं 'मानलं बुवा' जागच्या जागी राहील. हिशेब छान जुळत होता. मुलीचा हात तेवढा थांबत नव्हता.

भाऊजींनी भिंतीतला प्लग उपटला.

"अर्थिंगची वायर मी काढून ठेवलीय," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "पेटीचा शॉक बसू शकतो."

मेहुणीने मुलीला खांद्याला धरून मागे ओढलं.

"काढली? का पण?" साडूने विचारलं.

"तुम्ही हसू नये म्हणून."

खिशात स्क्रूड्रायव्हर होताच. भाऊजींनी झाकण काढलं, टेप सोलला, वायर पुन्हा स्क्रूखाली घातली आणि गरज नसताना आणखी दोनदा आवळली. ओढून पाहिली. झाकण लावलं. मग प्लग बसवला आणि स्विच दाबला.

भुंगा आला. पहिल्यासारखाच, जाडजूड, जणू कुठे गेलाच नव्हता. भाऊजी साडूच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. बोला, काय बोलायचं ते.

पण बोलली ती मेहुणी. ती पेटीच्या पत्र्याकडे बघत होती. पत्रा लख्ख होता, कडेच्या फटीतसुद्धा धुळीचा कण नाही.

"भाऊजी, घरी ही पेटी कोण पुसतं हो?"

"तुझी ताई."

"ओल्या फडक्याने?"

घरी आठवडाभर ती पेटी प्लगला लावलेलीच असायची. सकाळी रिक्षात ठेवायला त्यांनी पेटी उचलली, तेव्हा पत्रा अजून दमट होता.