इंजिन बंद, खाली उतरा

“इंजिन बंद! उतर खाली!”

सुकिर आजोबा गल्लीत मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. समोर भाड्याची मोटरसायकल चालवणारा तोगार, आणि त्याच्या मागच्या सीटवर नऊ महिने भरलेली नुरहाएदा. तिला पहाटेपासून कळा येत होत्या, आता तर दर दोन मिनिटांनी. नवरा बोटीवर स्वयंपाकी, तो मकास्सरच्या वाटेवर. ॲम्ब्युलन्स या गल्लीत शिरत नाही. हातगाडी शिरते, तीही भिंती घासत. आणि हॉस्पिटल गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्यापलीकडे.

“आजोबा, बाई अडलीय!” तोगार ओरडला. “आज तरी बाजूला व्हा!”

“दिसतंय मला. इंजिन बंद.”

गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे, गाडी बंद करा आणि उतरून ढकलत न्या. सुराबाया शहरात अशा पाट्या कितीतरी गल्ल्यांत सापडतील, पण त्या पाळायला लावण्यात आमच्या सुकिर आजोबांचा हात धरणारा कोणी नाही. एकदा त्यांनी पोलिसाच्या साहेबाला उतरवलं होतं. एकदा स्वतःच्या जावयाला, तेही लग्नाच्या दिवशी, नवरदेवाच्या कपड्यांत.

तोगार मेदानचा. त्या शहरातली माणसं पाणी मागतात तेही भांडल्यासारखं, आणि या बाबतीत आम्हीही काही कमी नाही. त्यामुळे आवाज चांगलाच चढला.

“पाच वर्षं जकार्तात गाडी चालवली मी! कोटभर माणसं आहेत तिथे. फुटपाथवर गाडी घातली तरी कुणी हूं की चूं करत नाही!”

“आणि तरी इकडेच आलास ना पोट भरायला? मागे बघ जरा.”

आजोबा बाजूला झाले नाहीत, नुसती मान वळवली. त्यांच्या मागे सकाळची गल्ली पसरली होती. कोळंबीच्या पापडांची सुपं, दारात बसून केस विंचरणाऱ्या बायका, आणि ऐन वाटेत मिस्नातीकाकूंचा दोन वर्षांचा नातू. तो गाडीकडे पाठ करून बसला होता आणि बाटलीचं झाकण जमिनीवर गरागरा फिरवत होता. इंजिन एवढं गुरगुरत होतं, पण त्याने मान वर केली नव्हती.

“आमच्या पोरांना गाडीचा आवाज आला की पळायचं माहीतच नाही,” आजोबा म्हणाले. “कधी शिकवावंच लागलं नाही.”

तोगारने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

“मग हिला न्यायची कशी?” आता त्याचा आवाज खाली आला होता.

“ढकलत. तू उतरायचं, तिने नाही.”

आजोबांनी कमरेला खोचलेला बांबूचा पोकळ ठोकळा काढून बडवायला सुरुवात केली. आग लागली, चोर आला, कुणी गेलं, की तो वाजतो. दारं उघडली. सुपं उचलली गेली, खुर्च्या आत गेल्या. पोराला कुणीतरी झाकणासकट काखेत मारलं. मिस्नातीकाकूंनी सीट धरली, समोरच्या खोलीतला आंबोन बेटावरचा विद्यार्थी नुसत्या टॉवेलवरच धावत आला, आणि सत्तरीची चिनी शिंपीणबाई काहीच धरायला उरलं नाही म्हणून नुरहाएदाचा पाय धरून चालायला लागली.

“हळू रे, हळू,” काकू म्हणाल्या.

“हळू कशाला, काकू!” नुरहाएदा दातओठ खात ओरडली. “पळा!”

मग सगळे पळाले. पुढे ठोकळा बडवत आजोबा, मागे बिनइंजिनाची गाडी. एवढी सुरेख वरात मी या गल्लीत दुसरी पाहिली नाही.

गल्ली संपली आणि मोठा रस्ता लागला. हॉस्पिटलचं फाटक अगदी समोर दिसत होतं. पण मध्ये एकाच दिशेने चाललेल्या सहा रांगा, कामावर निघालेल्या मोटरसायकलींच्या, हँडलला हँडल लावून. वळसा घालून यायचं तर अर्धा तास. नुरहाएदा आता ओरडत नव्हती. तोगारच्या जाकिटात तिची बोटं रुतली होती आणि ती नुसती धापा टाकत होती.

“हे नाही थांबणार,” तोगार म्हणाला. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

सुकिर आजोबा लुंगी सावरत रस्त्यात उतरले. हात पसरले. आणि जे ते वीस वर्षं ओरडत आले होते तेच ओरडले.

“इंजिन बंद! खाली उतरा!”

दोन-चार हॉर्न वाजले. पहिल्या रांगेत बँकेच्या गणवेशातली एक मुलगी होती, तिने कचकन ब्रेक मारला. तिने म्हाताऱ्याकडे बघितलं, मग गाडीवरच्या बाईकडे, आणि किल्ली फिरवून ती खाली उतरली. शेजारचा सिलिंडरवाला उतरला. मग त्याच्या मागचे. त्यांतले निम्मे असल्याच गल्ल्यांत वाढलेले. हे शब्द कानावर पडले की त्यांचे पाय आपसूक जमिनीला लागतात. ज्यांना पुढचं काही दिसत नव्हतं तेही उतरले, कारण पुढचा उतरला होता. आवाज रांगेमागून रांग कमी होत गेला, पार पुलापर्यंत.

तोगार आ वासून बघत राहिला. “जकार्तात चिरडलं असतं हो तुम्हाला…”

“बघत काय बसलास, मेदानवाल्या?” आजोबा खेकसले. “तू चालू कर!”

तीस लाखांच्या शहरातल्या त्या रस्त्यावर शेकडो माणसं आपापल्या गाड्या धरून उभी होती, आणि एकच इंजिन चालू झालं.