नाडीएवढी मात्रा

डब्याचं झाकण फरशीवर गरगरलं आणि दुपारच्या शांततेत मांडीवरची लेक जागी झाली. आईसमोर पाचशे वर्षांपूर्वीच्या प्रार्थनागीताच्या स्वरलिपीची नक्कल होती. स्वरांच्या ओळीआधी काढलेला गोल म्हणजे तीन मात्रांचा ताल, हे ठरलेलं. पण मात्रा केवढी, हे कागदावर कुठेच नव्हतं.

काल चर्चच्या गायकवृंदाच्या तालमीत तिने धरलेल्या लयीने सगळ्यांना धाप लागली होती. “बाय, ही प्रार्थना आहे की बस पकडायचीय?” खर्जात गाणारे अंकल म्हणाले. “रविवारी मिस्साला नेहमीचंच गाऊया.”

छे, गायचं तर हेच! तिने त्या काळच्या संगीतग्रंथातला नियम पुन्हा वाचला: स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीचा एक ठोका, तेवढी मात्रा. लय तर तिने नाडीवरूनच धरली होती. सवयीने तिची बोटं लेकीच्या मनगटावर गेली आणि तिला हसूच फुटलं. इतके दिवस ती मांडीवरच्या चार वर्षांच्या पोरीची भरभर चालणारी नाडी मोजत होती!

तिने स्वतःचं मनगट धरलं. त्या संथ ठोक्यांवर गाताना श्वासाला जागा मिळाली.

लेकीने आधी आईचं मनगट चाचपलं, मग स्वतःचं.

“आई, माझं टुकटुक तुझ्यासारखं हळू कधी होणार?”