एका पानात

“दोन पानं? वरचे लोक दुसरं पान उलटत नसतात. एका पानात बसव,” साहेब म्हणाले आणि चहाला निघून गेले.

ती कपाळाला हात लावून स्क्रीनकडे बघत राहिली. रुग्णवाहिका मागवायच्या फोनसेवेसाठी नवं सॉफ्टवेअर व्हायचं होतं. फोन आल्यावर आधी काय करायचं, मग काय, हे ती साध्या ओळींत लिहायची. त्यावरून चौकोन आणि बाण प्रोग्राम आपोआप काढायचा. हाताने काही सरकवायची सोय नव्हती. नेमका शेवटचा चौकोन दुसऱ्या पानावर लटकत होता.

चित्र लांबत होतं ते एका ओळीमुळे. ‘फोन मधेच तुटला, तर आपण परत लावावा.’ तिथून वेगळा फाटा फुटायचा. तिची लाडकी ओळ ती, साहेबांशी भांडून घातलेली. घरी बाबांनाही तिने ऐटीत सांगितलं होतं, “आता फोन तुटला तर तुम्ही लावत बसू नका हं, लाईन अडकते. तेच लावतील. मी लिहिलंय ते!”

जेवायची वेळ कधीच टळली होती. पहिलं सुचलं ते तिने केलं. त्या ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या. अशी ओळ फाईलमध्ये राहते, पण प्रोग्राम ती वाचत नाही आणि चित्रात ती येत नाही. मीटिंग झाली की रेघा काढायच्या, असं तिने ठरवलं.

मीटिंगमध्ये माना डोलल्या. साहेब खूश झाले. लगेच दुसरं काम मानगुटीवर बसलं आणि रेघा राहिल्या त्या राहिल्याच. सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी चित्र भिंतीवर लावलं आणि त्यात होतं तेवढं चोख केलं. त्यांना कुठल्या तोंडाने बोल लावणार?

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. त्यानंतर एके दिवशी आई स्वयंपाकघरात कोसळली तेव्हा घरात फक्त बाबा होते. त्यांनी फोन लावला. पत्ता सांगता सांगता लाईन तुटली. ती धावतपळत पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. बाबा आईच्या उशाशी बसले होते, फोन अजून हातातच.

“बाबा, परत का नाही लावलात हो?” ती ओरडली.

“ते लावणार होते ना?” बाबा म्हणाले. “लाईन अडकेल म्हणून मी बटणालासुद्धा हात लावला नाही. तूच सांगितलं होतंस ना गं?”

तिला रडू फुटलं नाही. स्वतःची शिसारी तेवढी आली.

कामावर परतल्यावर तिने ती फाईल उघडली. दोन्ही रेघा खोडल्या. शेवटचा चौकोन पुन्हा दुसऱ्या पानावर जाऊन लटकला. तिने अक्षर किंचित बारीक केलं.

सगळं एका पानात बसलं.