मदतीचा पाटा

बुधवार, १२ मार्च २०२५. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. पेठ रोडवर, मार्केट यार्डासमोरच्या प्रतिभाताईंच्या गॅरेजात एक फोर बाय फोर पिकअप मागून उचलून ठेवलेली होती. मागच्या प्रत्येक चाकावर, भार झेलणाऱ्या कमानीत पोलादाचे पाच पाटे. त्यांतला एकही तुटलेला नव्हता. ते केवळ थकून सपाट झाले होते.

"दोन्ही बाजूंनी दोन-दोन जाड पाटे टाका, ताई," हिरामण म्हणाला. "हजार लिटरची टाकी बसवायची हाय. पाड्यावरचा झिरा आटला. होळी झाली का रोज नदीवरून पाणी चढवायचं, आन् ही गाडी आत्ताच मागून खाली बसती."

"पाटे वाढवले म्हणून चाकांच्या आसाची ताकद वाढत नाही. हजार लिटर आणि त्यावर एक पोतंसुद्धा नाही."

"नाय टाकत."

"मग टाकते. पण गाडी रिकामी असताना दणके देईल. पोटातलं पाणी हलेल."

"हलू द्या. टाकीतलं नाय हललं म्हणजे झालं."

बाकावरून त्याची बायको रोशनी म्हणाली, "पोट तुमचं. झोप मामांची."

तिच्या शेजारी तिचे सासरे, लहानू, बसले होते. डोळे उघडे होते, पण ते कशाकडेही पाहत नव्हते. घरी अंथरुणावर त्यांना झोप येत नसे. बाजारात भाजी उतरवून रिकामी गाडी परत निघाली आणि सावळ घाटाच्या वळणांना लागली की त्यांची मान कलत असे. तेवढीच त्यांची झोप.

"मंग पाडा पाण्यावाचून ठेवू का बा झोपेवाचून?" हिरामणने विचारले.

"रात्रभर उंबऱ्यावर बसून असतात ते. तुम्ही घोरता. त्यांच्यासंगं जागतं कोण?"

प्रतिभाताईंनी पाना खाली ठेवला. आत जाऊन त्यांनी एकच जाड, जवळजवळ सरळ पाटा आणला आणि तो थकलेल्या पाट्यांखाली धरून दाखवला.

"यांना पुन्हा बाक देते आणि हा खालून लावते. मदतीचा पाटा. गाडी रिकामी असेल तोवर याची टोकं वरच्या पाट्याला शिवणार नाहीत. भार आला, वरचे वाकले, की ते याच्यावर येऊन टेकतील."

"आन् नाय टेकले तर?"

"तर गाडी बसेल आणि तू मला शिव्या देशील. टेकतात का ते आज इथंच पाहू."

काम संपले तेव्हा उन्हे तिरपी झाली होती. लहानूंना पुढच्या आसनावर बसवून, रोशनीला शेजारी घेऊन हिरामणने यार्डाला एक फेरी मारली. फाटकापाशी उंच गतिरोधक होता. गाडी त्याच्यावर चढली, उतरली. दुसऱ्या फेरीत ती पुन्हा चढली आणि उतरली. तिसऱ्या फेरीहून ती परतली तेव्हा रोशनीने खिडकीतून बोट ओठांवर ठेवले होते. लहानूंचे डोके तिच्या खांद्यावर होते. हिरामणने इंजीन बंद केले नाही.

आता भार हवा होता. भाजी विकून रिकाम्या टोपल्यांशेजारी बसलेल्या बायांकडे प्रतिभाताई गेल्या. मखमलाबादच्या गोजराबाई आधी उठल्या.

"वजन विचारायचं नाही. कबूल असंल तर चढते."

"मावशी, तुमच्या एकटीनंच पाटा टेकंल," हिरामण हळूच म्हणाला.

"टेकू दे की. टाकीला तरी कळंल, वजन कशाला म्हणतात."

पुढे कोण झोपले आहे हे बायांना कळले आणि हसणे पदरात गेले. चपला खाली राहिल्या. एकेक बाई चाकावर पाय देऊन वर चढली, आणि प्रत्येकीबरोबर गाडी थोडी खाली गेली, थोडी झुलली, पाण्यावरच्या नावेसारखी. अवघ्या यार्डात जणू तेवढीच एक हालचाल उरली होती. बाया दाटीने उभ्या होत्या. वाऱ्याने पदर हलत होते. मेथीचा वास येत होता. दहावी बाई चढली. प्रतिभाताई मागच्या चाकाशी वाकून पाहत होत्या.

टक्.

लोखंडावर लोखंड टेकल्याचा तो आवाज लहान होता. गाडीचे खाली जाणे तिथेच थांबले. लहानूंनी डोळे उघडले.

"पाणी चढलं का?" त्यांनी विचारले.

कोणी हलले नाही. हिरामणने बायकोकडे पाहिले.

"चढलं, मामा," रोशनी म्हणाली.

"मग हांडे बाहेर काढा," लहानू म्हणाले, आणि त्यांचे डोळे पुन्हा मिटले.

बाया जशा चढल्या तशाच उतरल्या. गोजराबाई सर्वांत शेवटी. हिरामणने त्यांना हात दिला, आणि त्या उतरल्यावरही तो क्षणभर सोडायला विसरला. गाडी हळूहळू वर आली. इंजीन चालू होते. पुढच्या आसनावरून श्वासाचा संथ आवाज येत होता.

वरच्या पाट्यात आणि मदतीच्या पाट्यात पुन्हा पडलेल्या फटीत प्रतिभाताईंनी मोजपट्टी धरली आणि ओठ जेमतेम हलवत सांगितले,

"अठरा मिलिमीटर."